वाया गेला कोण?

येथे शोळिंगनल्लूरला आमच्या वसाहतीमागील मैदानावर रविवारी सकाळी मुलांचा क्रिकेटचा वर्ग भरतो. नुकतेच बदलून आलेले एक मराठी स्नेही तेथे आपल्या दहा वर्षांच्या चिरंजिवांची फलंदाजी मोबाईलवर टिपीत होते. म्हणाले, "याला सचिन करायचा, विनोद होऊ द्यायचा नाही." विनोदचे काय चुकले, असे विचारताच उत्तर आले, "डोक्यात हवा गेली, वाया गेला!"

हे उत्तर फार सोयीचे आहे. कारण त्यात आपण कोठेच नाही.

फेब्रुवारी 1988 मध्ये शारदाश्रमाच्या दोन मुलांनी हॅरिस शील्डमध्ये 664 धावांची अभंग भागीदारी केली. त्यांत विनोद कांबळीच्या 349 होत्या, सचिनच्या 326. विनोद तेव्हा सोळा वर्षांचा होता. 1993 साली त्याने लागोपाठच्या दोन कसोटींत 224 आणि 227 धावा काढल्या. नोव्हेंबर 1995 मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो शेवटची कसोटी खेळला. सामने 17, सरासरी 54!

हा मुंबईच्या झगमगाटाचा दोष म्हणावा, तर याच मद्रासचे लक्ष्मण शिवरामकृष्णन पाहा. सतराव्या वर्षी, 1983 मध्ये कसोटीपदार्पण. 1984 च्या अखेरीस आपल्याच वानखेडेवर इंग्लंडचे 12 बळी. आणि जानेवारी 1986 मध्ये, विसाव्या वर्षी, अखेरची कसोटी. पुढे सोसलेल्या मानसिक यातना त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितल्या आहेत.

"पण सचिन तर टिकला ना?" असा प्रश्न ठरलेलाच. टिकला खरा, परंतु एक जण पूर पोहून गेला म्हणून नदीला उतार आहे असे ठरत नाही. विनोदच्या हातून चुका झाल्याच नाहीत, असेही आमचे म्हणणे नाही. चुका त्याच्या, पण ज्या वयात त्या पोटात घालून सावरणारे कोणी लागते, त्या वयात आपण त्याला फक्त टाळ्या दिल्या.

वाचकहो, आपण बहुतेक सरकारी नोकर. पंचविशीच्या अधिकाऱ्यालासुद्धा आपण आधी प्रशिक्षण देतो, उमेदवारीवर ठेवतो, वर एक जाणता साहेब नेमतो. पहिल्याच दिवशी तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या हाती देत नाही. कीर्तीची तिजोरी मात्र सोळा वर्षांच्या पोरापुढे सताड उघडतो, आणि हिशेब चुकला की गोपनीय अहवालात शेरा मारून मोकळे होतो!

3 डिसेंबर 2024 रोजी शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. तेथे सचिनचा हात धरून ठेवणाऱ्या थकलेल्या विनोदचे चित्रण आपण हळहळत पाहिले, आणि लगेच दहा जणांना पाठविले. 664 धावांच्या वेळी जी हाव होती, तीच ही. चढताना तमाशा, पडतानाही तमाशा!

आमच्या स्नेह्यांना एवढीच विनंती, की मुलगा शून्यावर बाद होईल त्या दिवशी मोबाईल खिशात ठेवावा आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जावे. विनोद होऊ नये म्हणून बापाने करण्याजोगे काम आहे ते एवढेच. आणि ते सचिन करण्यापेक्षा कठीण आहे.