दोष कुणाचाच नाही

कधी कधी हसणारी-खेळणारी, 'अम्मी' म्हणू लागलेली मुलगी वर्ष-दीड वर्षाची झाली की हळूहळू शब्द विसरते. हातातले खेळणे सुटते आणि ती हात धुतल्यासारखे दोन्ही हात सतत चोळत राहते. अशा वेळी आपल्या भायखळ्यात, मदनपुऱ्यात आधी नजर उतरवली जाते. मग बोट वळते सुनेकडे.

हा 'रेट सिंड्रोम' असू शकतो. व्हिएन्नाचे डॉ. आन्द्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. साधारण दहा हजार मुलींत एकीला तो होतो. बैरुतमध्ये जन्मलेल्या डॉ. हुदा जोगबी यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये त्यामागचे जनुक शोधले. त्या जनुकातला बिघड बहुतेक वेळा नव्याने घडलेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. म्हणून सुनेला बोल लावणे हा सरळ जुलूम आहे.

यात एका डॉक्टरने भागत नाही. फिट्‌ससाठी मेंदूविकारतज्ज्ञ, वाकणाऱ्या कण्यासाठी हाडांचे डॉक्टर, घास गिळण्यासाठी आणि वजनासाठी आहारतज्ज्ञ, शिवाय हृदयाचा ईसीजी आणि नियमित फिजिओथेरपी, हे सारे जुळून यावे लागते. भायखळ्याहून लोकलने तिसरे स्टेशन परळ. तिथे १९२९ पासूनचे मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. जवळच केईएम आहे. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात ते दुर्मीळ आजारांचे केंद्र ठरले आहे. जाताना मुलीच्या हातांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि जुने कागद सोबत न्या. निदान रक्ताच्या जनुकीय तपासणीने पक्के होते.

आजार पुरता बरा करणारे औषध अजून नाही. पण फिट्‌स आवरता येतात, चालणे टिकवता येते. या मुली बोलत नाहीत, तरी त्यांचे डोळे बोलतात. पाणी आणि दूध अशी दोन चित्रे समोर धरा आणि ती कुठे पाहते ते बघा.

आम्ही शिक्षक मंडळी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अपंगत्वाचा दाखला काढा. २०१६ च्या कायद्याने अशा मुलीला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तिला घरात लपवू नका.

दुआ जरूर करा. इलाज करून घेणे ही आपल्या रसूलांचीच (स.) शिकवण आहे. आणि दवाखान्याच्या रांगेत त्या आईला एकटी उभी करू नका. सासू, नणंद, दीर, कुणीतरी सोबत जा.