पाल्याचे वजन कोण करणार?

लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक किती झाली, तूर किती आली, याचे आकडे निघतात. ज्या जमिनीतून हा माल आला तिला बदल्यात काय मिळाले, याचा आकडा मात्र कुठल्याच फळ्यावर लिहिला जात नाही.

पूर्वी तो हिशेब उकिरडा सांभाळीत असे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, दावणी ओस पडल्या आणि शेणखत विकत घेण्याची वस्तू झाली. सोयाबीन द्विदलच आहे, तेच जमीन सुधारील, असे समाधान पुष्कळजण मानतात. पण त्याच्या गाठींनी हवेतून ओढलेला बराचसा नत्र दाण्यातून बाजारात जातो आणि गुळी गुरांपुढे. रानात उरतो गळालेला पाला आणि मुळ्या.

म्हणून ताग किंवा धैंचा पेरा, फुलावर येताच गाडा, असा सल्ला दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण मुखेड-कंधारकडच्या मुरमाड रानाच्या धन्याने करायचे काय? पावसावर त्याचे एकच पीक यायचे. त्यातले 45-50 दिवस तागाला दिले तर घरात काय न्यायचे? शिवाय गाडलेला ताग कुजायलाही ओल लागते. मांजरेकाठच्या ऊसवाल्याला हे जमेल, याला नाही. याला हवा तो कपाशीच्या किंवा तुरीच्या दोन ओळींत वाढणारा आणि महिना-सव्वा महिन्यात कापून तिथेच पसरता येणारा ताग.

असा ताग मुद्दाम घडवावा लागेल. आपल्याकडे तागाच्या वाणांवर जे काम झाले ते मुख्यतः धाग्यासाठी. उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडला त्यासाठी संशोधन केंद्रच आहे. धाग्याला उंच, चिवट खोड लागते. खताला कोवळे खोड आणि भरपूर पान. हवाई बेटांवर 1982 साली ‘ट्रॉपिक सन’ नावाचा वाण खास जमिनीसाठी प्रसृत झाला. ताग मूळचा आपला, हे जाता जाता.

आपली खरी अडचण दिवसमानाची आहे. दिवस लहान होऊ लागले की ताग फुलावर येतो. पाऊस लांबून पेरणी जुलैअखेर गेली, की झाड वाढायच्या आधीच फुलते आणि पाला कमी मिळतो. उशिरा फुलणारे झाड निवडावे, तर ते बी उशिरा धरते, आणि बी महाग झाले की पेरणार कोण? त्यातून तागात परपरागीकरण. भुंगे-मधमाश्यांवाचून शेंग भरत नाही आणि शेजारच्या शेतातला पराग आला की वाण भेसळतो.

मोजमापही बदलायला हवे. हिरवा ढीग डोळ्यांत भरतो, पण त्यात बहुतेक पाणीच असते. पस्तिसाव्या दिवशी, कमी पावसाच्या हलक्या रानात, वाळवून वजन करा. जो वाण तिथे भारी भरेल तो आमचा.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-44 दिला, बदनापूरने बीडीएन-711 ही तूर दिली. परभणीच्या कृषी विद्यापीठाला माणसे आणि रान दोन्ही आहेत. अडचण एवढीच, की पाल्याला बाजारभाव नाही. ज्या पिकाचे काहीच विकले जात नाही, त्याच्या बियाण्यात खाजगी कंपनी पैसा घालणार नाही. ते सरकारनेच घालायचे, आणि वाण हाती येईपर्यंत दहा-बारा वर्षे न कंटाळता घालायचे.