पेंटर, ब्रश आणि बाटली

मागच्या डिसेंबरात गोव्याला गेलो, तेव्हा घरच्यांना समुद्र हवा होता आणि मला साळगाव. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा १९२४ साली तिथे जन्मले. वडील ते तान्हे असतानाच गेले. पुढे लहानपणीच देवी आल्या. आईने नवस बोलला आणि मुलगा वाचला. गावातलं १८७३ सालचं पांढरंशुभ्र, टोकदार मनोऱ्यांचं चर्च पाहिलं आणि त्यांच्या चित्रांतले पाद्री, क्रूसावरचा येशू डोळ्यांपुढे आले. लंडनमध्ये सूझांचं नाव झालं, तशी दारूही वाढली.

सोबतचा मित्र म्हणाला, "डॉक्टर, पीत होता म्हणून तर असं काढू शकला!"

मला हे मुळीच पटत नाही. चर्च, पाद्री, घरातला मृत्यू हे सगळं बाटली हातात येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या मनात उतरलं होतं.

पण मित्राचं वाक्य मी वाशीतही ऐकलंय. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेशंट सांगायचा, "साहेब, सकाळी थोडी घेतल्याशिवाय ब्रश सरळ चालत नाही." तो खोटं बोलत नव्हता. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते. मग थोडी घेतली की हात स्थिर होतो आणि त्याला वाटतं, कला दारूमुळे आली. खरं तर ज्या दारूने हात कापायला लावला, तीच तो तासाभरासाठी थांबवते.

अशा माणसाने एका दिवसात दारू तोडणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. यात जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे पंढरपूरला नेऊन माळ घालतात, नाहीतर तुळजापूरला शपथ देतात. माळ जरूर घाला, पण आधी दवाखान्यात या. साधारण आठवडाभर औषधं कमी-कमी करत द्यावी लागतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व. बरं, एवढ्याने व्यसन सुटत नाही. पुढे समुपदेशन आणि व्यसनमुक्ती गट लागतो. मन खचलं असेल तर १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे.

त्या पेंटरला उपचार मिळाले. आठवडाभराने त्याने माझ्यासमोर कागदावर एक आडवी रेघ ओढून दाखवली. शेवटाकडे जराशी हलली होती.