पोटातला रक्तस्राव : नवे उपचार, जुन्या समजुती

उन्हाळा आला की आपल्यापैकी अनेकांकडे आई-वडील, सासू-सासरे राहायला येतात. त्यांच्या बॅगेत पापड-लोणच्यांबरोबर औषधांची पिशवीही असते. हृदयासाठी ॲस्पिरिन, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा तसलेच काहीतरी. ही जोडी जठरातल्या रक्तस्रावाचे मोठे कारण आहे. दुसरे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, आणि तो भारतात फार जणांच्या पोटात आढळतो. म्हणून या उपचारांतल्या घडामोडी सभासदांपुढे ठेवत आहोत.

सर्वांत जास्त गाजली ती एक पूड. हेमोस्प्रे नावाच्या या पुडीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१८ मध्ये परवानगी दिली. एंडोस्कोपीच्या दुर्बिणीतून ती थेट रक्ताच्या जागी फवारतात. ती पाणी शोषून घट्ट थर धरते आणि रक्त थांबते. आशियातल्या काही रुग्णालयांत २२४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पूड वापरलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांचा रक्तस्राव आटोक्यात राहिला, नेहमीच्या पद्धतीने ८१ टक्के. मात्र हा थर एक-दोन दिवसांत गळून पडतो, म्हणून पुन्हा रक्त येणार नाही ना यावर लक्ष ठेवावे लागते. शिवाय परवानगी यकृताच्या आजारात फुगलेल्या शिरांसाठी नाही. तिथे रबरी बँड बांधणे हाच मुख्य उपाय. हट्टी अल्सरसाठी दुर्बिणीच्या टोकावर बसवायची मोठी क्लिपही आली आहे. ती सापळ्यासारखी जास्त मांस पकडते.

पण आमच्या मते खरा बदल काय करू नये हे कळण्यात आहे. 'रक्त गेले, मग रक्त भरा' असे आपल्याला वाटते. बार्सिलोनात ९२१ रुग्णांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांपैकी ९५ टक्के सहा आठवड्यांनी हयात होते. ९ च्या खाली जाताच दिलेल्यांपैकी ९१. (धो धो रक्तस्राव होणारे रुग्ण यात नव्हते.) ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचेही तसेच. भारतातून फोनवर 'ते द्यायला सांगा' असा सल्ला हमखास येतो, कारण पाळीच्या अतिस्रावात ते उपयोगी पडते. पण १५ देशांतल्या बारा हजार रुग्णांवरच्या २०२० च्या चाचणीत जठर-आतड्यांच्या रक्तस्रावात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढले.

घाईचे काय? एंडोस्कोपी सहा तासांच्या आत केल्याने सहा ते चोवीस तासांत केल्यापेक्षा जीव जास्त वाचत नाहीत, असे हाँगकाँगमध्ये २०२० साली दिसले. तेव्हा डॉक्टर 'सकाळी करू' म्हणाले तर भांडू नये. पण हे थांबणे रुग्णालयातले, सलाईन आणि आम्ल कमी करणारे औषध चालू असतानाचे. डांबरासारखी काळी, चिकट शौचास होणे, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, चक्कर, यांपैकी काही दिसले तर घरी बसून वाट पाहायची नाही, सरळ ९११. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळी होते, पण चिकट होत नाही.

पाहुण्यांचा विमा काढताना आधीच्या आजारांचे कलम बारकाईने वाचा. जुना अल्सर असेल तर विशेषच. औषधांची यादी इंग्रजीत लिहून फ्रिजवर लावा, त्यात 'अधूनमधून' घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्याही येऊ द्या.

आणि भीतीपोटी ॲस्पिरिन परस्पर बंद करू नका. २०१० मध्ये हाँगकाँगच्याच डॉक्टरांनी हृदय किंवा मेंदूच्या आजारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या १५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्सरमधले रक्त थांबवल्यावर लगेच ॲस्पिरिन चालू केलेल्यांत पुन्हा रक्तस्राव थोडा जास्त झाला. पण आठ आठवड्यांत त्यांच्यापैकी १.३ टक्के दगावले, बंद ठेवलेल्यांपैकी १२.९.