पाटी बदलली, पुढें?

माळीवाडा, तेलीखुंट, मोची गल्ली. नगर शहरानें पूर्वीं माणसें कशीं वसविलीं हें निराळें सांगावें लागत नाहीं. धंदा, जात आणि पत्ता एकाच पाटीवर लिहिलेलीं आहेत. डिसेंबर २०२० मध्यें राज्य सरकारनें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें काढून समतानगर, भीमनगर अशीं नांवें देण्याचें ठरविलें. निर्णय चांगला, पत्ता सांगतांना ज्याला मान खालीं घालावी लागली त्यालाच त्याचें मोल विचारावें. पुढें २०२४ सालीं शहराचेंही नांव अहिल्यानगर झालें. परंतु पाटीमागें कोण राहतें आणि काय मिळवितें, हें पाहण्याची उत्सुकता कोणास दिसत नाहीं.

"शहरांत आतां जात राहिली आहे कोठें?" असें सावेडीच्या दिवाणखान्यांतून ऐकूं येतें, आणि जातगणनेचें नांव निघतांच तीच मंडळी म्हणतात, विचारल्यानें जात वाढेल. या मंडळींनीं एकदां भाड्याचें घर शोधावयास निघावें. मध्यस्थ भाडें सांगण्यापूर्वीं आडनांव विचारतो. तेवढ्यानें उलगडा झाला नाहीं तर मूळ गांव, आणि त्यानेंही न झाला तर "जेवणाखाणाचें कसें?" इतकी कसून चौकशी शिरगणतीच्या कोणत्याही कारकुनानें आजवर केलेली नाहीं. तिनें जात वाढत नाहीं आणि सरकारी कागदानें मात्र वाढते, हा न्याय अजब आहे.

बरें, जात विचारली जात नाहीं हें तरी खरें काय? १९५१ पासून प्रत्येक शिरगणतींत अनुसूचित जाती-जमातींची मोजदाद झाली आहे. सर्व जातींचे आकडे मात्र १९३१ नंतर छापलेले नाहींत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणींत ते गोळा झाले, पण बाहेर आले नाहींत. म्हणजे गांवानें ज्यांना वेशीबाहेर ठेवलें त्यांनीं दर दहा वर्षांनीं आपली जात सांगावी, आणि ज्यांनीं ठेवलें त्यांना कोणी विचारावयाचें नाहीं!

मिळकतीची गोष्ट तर याहून विचित्र. आपली शिरगणती छप्पर विचारते, नळ विचारते, घरांत दुचाकी आहे काय तें विचारते. उत्पन्न विचारीत नाहीं. शहराची वस्ती २००१ सालीं सुमारें तीन लाख सात हजार होती, ती २०११ सालीं साडेतीन लाखांवर गेली. हीं वाढलेलीं माणसें कोठें टेकलीं? पाथर्डी-जामखेडच्या अवर्षणांतून आलेलें कुटुंब आज कोणत्या वस्तींत आहे? विड्या वळून संसार रेटणाऱ्या पद्मशाली बाईची मुलगी नव्या उपनगरांत गेली, कीं आईच्याच दोन खोल्यांत सूप घेऊन बसली? कोणत्या गल्लीस आधीं पाणी द्यावें, कोठें शाळा काढावी, हें ज्यांनीं ठरवावयाचें त्यांच्यापुढें या प्रश्नांचीं उत्तरें नकोत काय?

२०२१ ची शिरगणती झालीच नाहीं. पुढच्या शिरगणतींत सर्व जाती मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं घेतला, आणि तिच्यासाठीं १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविला. प्रगणक दारांत येईल तेव्हां "आम्ही जात मानीत नाहीं" असें म्हणून सावेडीकरांनीं रकाना कोरा ठेवूं नये. मानीत नसाल तर सांगण्यास संकोच कसला? आणि सरकारनेंही ते आकडे जिल्ह्याच्या पंचेचाळीस लाखांच्या बेरजेंत न बुडवितां प्रभागवार छापावेत.