ऑपरेशनने हात जोरदार होत नाही : टॉमी जॉनची खरी गोष्ट

मागच्या महिन्यात अमेरिकेतून माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याचा मुलगा १३ वर्षांचा. तिथे बेसबॉल खेळतो, पिचर आहे. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणून डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी एक्स-रे काढून सांगितलं की सहा आठवडे चेंडू फेकायचा नाही. भावाला हे पटलेलं नव्हतं. "दादा, त्यापेक्षा आत्ताच टॉमी जॉन करून घेतलं तर? कोच म्हणतो, त्यानंतर पोरं आधीपेक्षा जोरात फेकतात."

हे वाक्य ऐकून मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. भावावरही आला, पण जास्त त्या कोचवर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बेसबॉल पाहिलेला नसेल, म्हणून आधी थोडं समजून घ्या. पिचर म्हणजे त्या खेळातला गोलंदाज. तो आपल्या गोलंदाजासारखा धावत येत नाही. एका जागी उभा राहून, कोपर वाकवून, साडेअठरा मीटरवरच्या फलंदाजाकडे सर्व ताकदीनिशी चेंडू फेकतो. त्या क्षणी खांदा आतल्या दिशेने सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने फिरतो. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. हात असा मागून पुढे येताना कोपराची आतली बाजू अक्षरशः उघडायला बघते. तिला धरून ठेवतं ते अल्नर कोलॅटरल लिगामेंट. दंडाचं हाड आणि हाताचं हाड बांधणारा तो एक छोटासा, जाड पट्टा असतो.

गंमत अशी की एका जोरदार फेकीचा ताण या पट्ट्याच्या एकट्याच्या ताकदीबाहेरचा असतो. तरी तो दरवेळी तुटत नाही, कारण शेजारचे स्नायू भार वाटून घेतात. ते थकले की सगळं ओझं पट्ट्यावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पूर्वी हा पट्टा गेला की पिचरचं करिअर संपलं, असंच होतं. 'हात मेला' म्हणायचे आणि घरी पाठवायचे. लॉस एंजेलिस डॉजर्सचा टॉमी जॉन जुलै १९७४ मध्ये याच दारात उभा होता. ३१ वर्षांचा डावखुरा, त्या मोसमात १३ विजय आणि ३ पराभव. मॉन्ट्रिऑलविरुद्धच्या सामन्यात फेकताना कोपरात काहीतरी सुटलं. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्यावर, तोपर्यंत कुठल्याही पिचरवर झालं नव्हतं असं ऑपरेशन केलं. उजव्या हातातली एक कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि कंडरा त्यातून ओवून नवा पट्टा तयार केला. पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती.

ती कंडरा तुम्हाला स्वतःच्या हातावर बघता येईल. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मधोमध दोरीसारखी उठते ती. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यावाचून त्यांचं काहीही अडत नाही. म्हणूनच जोब यांनी ती निवडली.

कोच मंडळी गोष्ट इथून एकदम शेवटाकडे उडी मारतात. मधला भाग मी सांगतो. काही महिन्यांतच नसेसाठी दुसरं ऑपरेशन करावं लागलं. १९७५ चा अख्खा मोसम गेला. १९७६ मध्ये तो परतला तेव्हा १० विजय, १० पराभव. मग १९७७ मध्ये २० विजय. १९८९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा वय ४६. एकूण २८८ विजय, त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे.

"बघा, नंतरच जास्त जिंकला!" असं आता कोणी म्हणेल. हो, पण कसा? टॉमी जॉन वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. त्याचा चेंडू फलंदाजाजवळ येता येता खाली बुडायचा, लोक तो जमिनीवर मारायचे आणि बाद व्हायचे. अचूकपणा आणि डोकं, ही त्याची शिदोरी. शाळेत असताना तो उत्तम बास्केटबॉलही खेळायचा, बारा महिने एकच खेळ नव्हता. ज्या माणसाने वेगाशिवाय २६ मोसम काढले, त्याचं नाव आज वेग वाढवण्याच्या जाहिरातीसारखं वापरलं जातंय.

आणि हा एका कोचचा वेडेपणा नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी खेळाडू, पालक आणि प्रशिक्षकांना याबद्दल प्रश्न विचारले. हायस्कूलच्या ५१ टक्के खेळाडूंना वाटत होतं की दुखापत नसतानाही खेळ सुधारायला हे ऑपरेशन करावं. पालकांपैकी ३७ टक्क्यांना, प्रशिक्षकांपैकी ३० टक्क्यांना. पुन्हा वाचा : दुखापत नसताना. पोराच्या धडधाकट कोपराला भोकं पाडायला तयार असलेले आईबाप!

मग काही मुलं नंतर खरंच जोरात का फेकतात? कारण वर्षभर फिजिओथेरपिस्ट त्यांच्याकडून खांदा, पाठ, पाय यांचे व्यायाम रोज करून घेतो. तो व्यायाम ऑपरेशनशिवायही करता येतो, फुकट. शिवाय सोळा वर्षांचा मुलगा सतरा वर्षांचा झाला की तसाही ताकदवान होतो. आणि जे परतू शकले नाहीत, त्यांची गोष्ट कोच सांगत नाही. ऑपरेशन चांगलं आहे, दहातले आठ जण आधीच्या पातळीवर परततात. हाडांचा डॉक्टर म्हणून मला त्याचा अभिमानच आहे. पण उरलेल्या दोघांचं काय? आणि आठही जणांचं जवळजवळ एक वर्ष जातं. तुटलेला पट्टा दुरुस्त करणं इतकंच त्या ऑपरेशनचं काम. तुमच्या जन्मजात पट्ट्यापेक्षा चांगला पट्टा कुठलाही सर्जन बनवू शकत नाही.

माझ्या पुतण्याच्या बाबतीत तर हा प्रश्नच चुकीचा होता. १३ व्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून वाढत असतं. तिथे कूर्चेची एक पट्टी असते, आणि त्या वयात ती लिगामेंटपेक्षा कच्ची असते. ताण आला की आधी ती दुखावते. तिथे याला 'लिटल लीग एल्बो' म्हणतात, त्याच्या डॉक्टरांनी तेच निदान केलं होतं. यावर औषध एकच, फेकणं बंद. सहा आठवड्यांचा उपाय हातात असताना भाऊ ऑपरेशन मागत होता, तेही दुसऱ्याच भागाचं!

आता मोठ्यांकडे बघा. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःच पिचरच्या दुखापतींवर अहवाल काढला. २००८ मध्ये वेगवान चेंडूचा सरासरी वेग ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता, २०२४ मध्ये १५१ च्या वर गेला. वरच्या आणि खालच्या व्यावसायिक लीग मिळून हे ऑपरेशन २०१० मध्ये १०४ खेळाडूंवर झालं, २०२४ मध्ये २८१ जणांवर. प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने फेकायचा, हे त्यामागचं एक मोठं कारण असं अहवालच म्हणतो. त्या मोठ्यांना निदान करोडो रुपये मिळतात. पण २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत ज्यांच्यावर हे ऑपरेशन झालं, त्यातले निम्म्याहून जास्त १५ ते १९ वर्षांचे होते. या पोरांना काय मिळालं?

आणि हे टाळता येतं, याची माहितीही आहे. २००६ च्या एका अभ्यासात ऑपरेशन झालेल्या मुलांची तुलना न झालेल्यांशी केली. वर्षातले आठ महिन्यांहून जास्त फेकणाऱ्यांत ऑपरेशनची शक्यता पाचपट. हात थकलेला असतानाही वारंवार फेकणाऱ्यांत ३६ पट. छत्तीस! स्नायू थकले की भार पट्ट्यावर, हे वर सांगितलं ते हेच. म्हणून लिटल लीगने चेंडूंची मर्यादा घातली आहे : ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५, १३ ते १६ ला ९५, आणि १४ पर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त चेंडू फेकले तर चार दिवस विश्रांती. नियम उत्तम. पण मुलगा शनिवारी एका संघातून आणि रविवारी दुसऱ्या संघातून खेळला, तर बेरीज कोण करणार? कोच करणार नाही. बापाने करायची.

आपल्याकडच्या पालकांनी हसू नये. क्रिकेटमध्ये कोपर सरळ ठेवावं लागतं म्हणून हा पट्टा सहसा वाचतो, पण वेगवान गोलंदाजी करणाऱ्या पोरांचं कंबरेतलं हाड तडकतं. सकाळी अकादमी, दुपारी शाळेचा सामना, संध्याकाळी सोसायटीची टूर्नामेंट. माझ्याकडे अशी मुलं येतात, आणि सोबत आलेले बाबा पहिला प्रश्न विचारतात, "पुढच्या रविवारी खेळेल ना?"

तुमचा मुलगा किंवा मुलगी कुठलाही फेकण्याचा खेळ खेळत असेल, तर कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं, हात पूर्ण सरळ न होणं, करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशीच फेकणं थांबवा आणि दाखवा. वेदनाशामक गोळी देऊन मैदानात पाठवू नका.

भावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तो म्हणाला, "पण दादा, सहा आठवडे तो करेल काय?" मागून पुतण्याचा आवाज आला, "बाबा, मी पोहायला जाऊ?" मी म्हटलं, तिथल्या डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर जा.