किल्ली कुणाला, आणि किती?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुणीही बसावे, मैदानात कुणीही फिरावे. पण म्हणून खेळपट्टीवर कुणीही रोलर फिरवायचा का? आत येणे वेगळे. आत येऊन काय करता येईल, हे वेगळे.

दुरून जोडलेल्या संगणकाचेही तसेच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे इंटरनेट जनतेसाठी खुले केले. टेलिफोनला मोडेम लावला, की पलीकडचा सर्व्हर आधी नाव व परवलीचा शब्द विचारी; मग खात्याप्रमाणे मुभा देई. ‘शेल’ खात्यावर केवळ अक्षरे, महागड्या खात्यावर चित्रेही!

एका महाविद्यालयात मात्र सर्वांना एकच परवलीचा शब्द आणि सारे अधिकार होते. एके दिवशी वर्षभराच्या प्रयोगांच्या नोंदी पुसल्या गेल्या. कुणाच्या हातून, ते कळलेच नाही. संशय सर्वांवर!

सॉल्टझर व श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५ मध्येच सांगितले होते, की अधिकार कामापुरताच द्यावा. याला कुणी अविश्वास म्हणतील; मला ते पटत नाही. वाचण्याची मुभा सढळ हाताने द्या, पुसण्याची मोजून. मग चूक लहान राहते आणि निरपराध मुलाकडे बोट दाखवले जात नाही.

तुमच्या शाळेतील संगणकावर कुणाला काय करता येते? उद्याच विचारा पाहू!